डेव्हलपर कॉन्फरन्सला स्वखर्चाने जावं का? (अफवा वाचून झाल्या, आता प्रत्यक्ष बघायचंय)

साडेदहाचा_शो

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात मोबाइल ॲप लिहितो. वय बत्तीस. जून जवळ आला की मला वारकऱ्यांसारखे वेध लागतात, फक्त माझं पंढरपूर क्यूपर्टिनोला आहे. गेल्या बारा वर्षांत ॲपलच्या जूनमधल्या डेव्हलपर कॉन्फरन्सचा एकही कीनोट (मुख्य घोषणांचं भाषण) चुकवलेला नाही. आपल्याकडे तो रात्री साडेदहाला लागतो. लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये मला ताट घेऊन लॅपटॉपसमोर बसलेला बघून बायकोने विचारलं, "मॅच आहे का?" मी हो म्हणालो. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पण खरं सांगू का, कीनोटपेक्षा मला त्याच्या आधीचे दोन महिने आवडतात. कोणाला कारखान्यातला फोटो मिळालाय, कोणी म्हणतं चिप बदलणार, कोणी म्हणतं नाव बदलणार. २०१७ मध्ये होमपॉड या ॲपलच्या स्पीकरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) वेळेआधीच उघड्यावर पडलं आणि लोकांनी त्यात उकरून नव्या आयफोनच्या तोंडावळ्याचं चिन्ह शोधून काढलं, आठवतंय? मीही ती फाइल उतरवून घेतली होती. पहाटे तीनपर्यंत चाळत बसलो. मला काहीही सापडलं नाही. पण त्या रात्रीची मजा मी अजून विसरलेलो नाही.

तर मुद्दा. एक आरडी पिकली आहे, दोन लाख साठ हजार. बायको म्हणते, युरोप बघू. मी म्हणतो, आयुष्यात एकदा तरी मोठ्या कॉन्फरन्सच्या गर्दीत उभं राहायचंय. तडजोड म्हणून ब्रसेल्सचं फॉसडेम हे नाव पुढे आलंय, ओपन सोर्स म्हणजे उघड्या कोडचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं संमेलन. फुकट असतं म्हणे. मनातून मला अजून ॲपलचं मुख्यालय, ॲपल पार्कच हवंय. कंपनी एक रुपया देणार नाही, "आधी बेंगळुरूला जाऊन ये" म्हणाले आणि त्याचेही पैसे दिले नाहीत.

कोणी स्वतःच्या पैशाने गेलंय का? परत आल्यावर वसूल झाल्यासारखं वाटलं का? जपून खर्च करणारा माणूस आहे, म्हणून विचारतोय.

कट्टेकरी_१

सगळी भाषणं नंतर इंटरनेटवर फुकट. दोन साठमध्ये मोठा टीव्ही घ्या, बरा सोफा घ्या, उरलेल्या पैशात भेळ मागवा आणि शेजाऱ्यांना बोलवा. झाली कॉन्फरन्स.

कोचीकर_नव्हे

कट्टेकरी, तुम्ही दर धाग्यावर टीव्हीच घ्यायला सांगता.

धागाकर्ते, पहिलीच वेळ असेल तर आपल्याकडचं काहीतरी बघून घ्या. मी सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला डेबकॉन्फला गेलो होतो. डेबियन या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांचं जागतिक संमेलन, त्या वर्षी आपल्या देशात आलं होतं. प्रवासखर्चासाठी अर्जही करता येतो. पायथन भाषेवाल्यांचं पायकॉन इंडिया २००९ पासून भरतं, बेंगळुरूला इंडियाफॉस असतं. पूर्वी पुण्यात सिंबायोसिसमध्ये ग्नूनिफाय भरायचं, तिथे मी कॉलेजात असताना वडापावावर दोन दिवस काढले आहेत. व्हिसा नाही, थंडी नाही.

इसारकाठची

मी म्युनिकला असते, फॉसडेमला चार वेळा जाऊन आले आहे, दोनदा नवऱ्याला घेऊन. तुमच्या बायकोच्या बाजूने लिहिते.

फॉसडेम साधारण जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी असतं. जागा म्हणजे ब्रसेल्सच्या मुक्त विद्यापीठाचा सॉल्बॉश परिसर. तिकीट नाही, नोंदणी नाही, गळ्यात बिल्ला नाही. दारातून आत चालत जायचं. आठ हजारांच्या वर माणसं येतात आणि कोणी तुमचं नावही विचारत नाही. माझा नवरा शिक्षक आहे. तो पहिल्या वर्षी दोन तास फिरला, म्हणाला "हे तर गॅदरिंग आहे," आणि ग्रां प्लासला, शहराच्या मुख्य चौकात, निघून गेला. तुमच्या सौ. पण तसंच करतील. करू द्या.

आता व्हिसाची अडचण. नोंदणीच नसल्यामुळे दाखवायला कागद नसतो! माझ्या भावाने पुण्याहून अर्ज केला तेव्हा कार्यक्रमाचं पान छापून जोडलं, पण अर्ज सरळ पर्यटनाचाच केला, हॉटेल-विमान-बँकेच्या कागदांसकट. नव्वद युरो फी, आणि निदान तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे दिवाळीनंतर बघू असं करू नका.

विमान झावेंतेमला, म्हणजे ब्रसेल्सच्या मुख्य विमानतळावर, उतरणारं घ्या, तिथून ट्रेनने वीसेक मिनिटांत शहरात. "ब्रसेल्स साउथ" असं लिहिलेलं स्वस्त तिकीट दिसलं तर सावध, ते शार्लरुआ आहे, पन्नास-एक किलोमीटर लांब. युरोपियन संसदेच्या आसपासची हॉटेलं मला शनिवार-रविवारी नेहमी स्वस्त मिळाली, कारण साहेबलोक घरी गेलेले असतात. कॅम्पसला ७१ नंबरची बस जाते. शनिवारी सकाळी ती आपल्या पीएमटीसारखीच भरते, दाराशी लोंबकळण्याची सोय मात्र नाही.

शाकाहारी असाल तर एक वाईट बातमी. बेल्जियमचे प्रसिद्ध तळलेले बटाटे पारंपरिक पद्धतीने गोमांसाच्या चरबीत तळतात. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं.

दऱ्याखोऱ्या

वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

आधी क्यूपर्टिनोचं भूत उतरवू. पैसे टाकून आत जायचे दिवस गेले. ॲपलच्या कॉन्फरन्सचं १५९९ डॉलरचं तिकीट २०१३ मध्ये दोन मिनिटांच्या आत संपलं, पुढच्या वर्षीपासून सोडत सुरू झाली. आता तिकीटच नाही, एका दिवसाचं बोलावणं असतं, तेही सोडतीत नाव निघालं तर. आणि नाव निघालं तर काय? ॲपल पार्कात कॅफेबाहेर खुर्च्या मांडलेल्या, समोर मोठा पडदा, आणि त्यावर आधीच चित्रित करून ठेवलेली फिल्म. जी तू घरी पंख्याखाली ताट घेऊन बघतोस तीच, फक्त कॅलिफोर्नियाच्या उन्हात. इमारत दिसते, त्यांचे इंजिनिअर भेटतात, हे आहेच. पण सोडतीच्या भरवशावर अमेरिकेच्या व्हिसाची रांग लावायची म्हणजे मुलगी बघायच्या आधी कार्यालय बुक करायचं.

अफवांचं म्हणशील तर त्यात मी तुझा बाप आहे. जून २००५ मध्ये मिरजेच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी भांडत होतो, की मॅकमध्ये इंटेलची चिप बसणं शक्यच नाही. दोन-तीन दिवस आधी बातमी फुटली होती आणि मी तिला मूर्खपणा म्हणालो होतो, लेखी. सहा तारखेला जॉब्सने स्टेजवरून सांगितलं की बदलतोय, आणि वर हेही, की ओएस टेनची (मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं गुपचूप इंटेलवरही चालवून बघत होतो. माझी जिरली. उलटंही होतं बघ. एअरपॉवर नावाची चार्जिंगची चटई २०१७ ला स्टेजवर दाखवली आणि मार्च २०१९ ला रद्द केली. तिथे अफवा खरी निघाली आणि वस्तू खोटी.

पण ही सगळी मजा कुलपाची आहे. कुलूप आहे म्हणून किल्लीच्या भोकाला डोळा लावायचा. फॉसडेमला कुलूपच नाही. पुढच्या आवृत्तीत काय येणार हे कोणालाही आज, आत्ता वाचता येतं, मेलिंग लिस्ट उघडी, कोड उघडा. त्यामुळे तिथे कोणी आ वासत नाही, शिट्ट्या मारत नाही. तू फक्त गर्दीत उभा राहायला गेलास तर दुपारी बारापर्यंत कंटाळशील. भाषणाला जावं तर दारावर "फुल" अशी पाटी, आत मुंगी शिरणार नाही. आतले लोक पुढचं भाषण चुकू नये म्हणून नको असलेलं भाषणही ऐकत बसलेले.

मी २०१९ ला गेलो तो एका आचाऱ्यामुळे. गोष्ट थोडी लांब आहे.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या मंगल कार्यालयांसाठी मी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. तांदूळ, कांदे, गॅसच्या टाक्या, मांडववाला, बँडवाला. एक दिवस जयसिंगपूरहून एका मॅनेजरांचा फोन. "साहेब, पावती बघितली का? आचार्यांना ॲडव्हान्स पाच हजार, असं छापलंय. मुलीकडचे विचारायला लागलेत, कीर्तन कोणी ठेवलं म्हणून."

मी आधी फॉन्टला शिव्या घातल्या. पंधरा दिवस फॉन्ट बदलत होतो. मग एकदाचे बाइट उघडून बघितले तेव्हा कळलं, की फॉन्ट बिचारा निर्दोष आहे. आपला जो अर्धा र आहे ना, आचाऱ्यातला, दऱ्यातला, तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त, मग य. दुसरी पद्धत जुनी: साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. ई२, ८०, ८डी, असे तीन बाइट. रुंदी शून्य. कार्यालयातल्या जुन्या कीबोर्डवरून हीच दुसरी पद्धत येत होती. आणि मी वापरत होतो ती एक फुकटची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) मजकूर साठवण्याआधी तो धुऊन घ्यायची. न दिसणारी चिन्हं म्हणजे लबाडी, खोटी नावं आणि खोट्या लिंका बनवायला लोक वापरतात, म्हणून सरसकट काढून टाकायची. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत तो एक अदृश्य काटा काढला की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. आचाऱ्यांचे आचार्य होतात. दऱ्यांचा दर्या होतो. सह्याद्री समुद्रात जातो, तीन बाइटपायी.

रीतसर तक्रार नोंदवली. आठ महिने पडून. "फॉन्टचा प्रश्न दिसतो" असं एकाने लिहून ठेवलं होतं. तेव्हा मला माझेच पंधरा दिवस आठवले, त्यामुळे फार चिडताही येईना.

ब्रसेल्सला शनिवारी दुपारी बारीक पाऊस. मी बटाट्याच्या रांगेत (हो, चरबीचं तेव्हा माहीत नव्हतं, आईला सांगू नका). पुढच्या माणसाच्या जॅकेटवर त्याच लायब्ररीचं स्टिकर. विचारलं, तर सांभाळणाऱ्या तिघांपैकी एक. माझं इंग्रजी सांगलीचं, त्याचं जर्मन वळणाचं. तोंडाने सांगून काही जमेना. मग बसच्या नकाशाच्या पाठीवर पेनाने दोन शब्द काढले, एकाखाली एक. दऱ्या आणि दर्या. एकाखाली डोंगर काढला, दुसऱ्याखाली लाटा. तो बराच वेळ बघत राहिला. बटाटे गार झाले. मग म्हणाला, म्हणजे आम्ही कचरा समजून काढतो ते तुमचं अक्षर आहे?

त्याने मला चाचणीसाठी शब्द मागितले. के इमारतीच्या जिन्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. नेट लागेना. तिथे तेव्हा मुख्य वायफाय फक्त आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीवर चालायचं, आणि जुन्या पद्धतीने जोडून घ्यायचं असेल तर वेगळ्या नावाचं नेटवर्क धरावं लागायचं. त्याचं नाव त्यांनी काय ठेवावं? फॉसडेम-एन्शंट. प्राचीन! माझा लॅपटॉप मुकाट्याने प्राचीनात गेला. चौदा शब्द दिले. तऱ्हा, कुऱ्हाड, बिऱ्हाड, पुऱ्या, असे आठवतील तसे. भूक लागली होती, म्हणून पुऱ्या असणार. सोमवारी मी विमानतळावर चप्पल काढून ट्रेमध्ये ठेवत होतो तेव्हा फोन वाजला, बदल आत घेतला होता. आजही त्या कोडच्या चाचण्यांत, जर्मन आणि फ्रेंच शब्दांच्या मधोमध, "बिऱ्हाड" पडलेलं आहे. कोणाला अर्थ माहीत नसणार.

दोन दिवसांत मी एकही भाषण पूर्ण ऐकलं नाही. ती घरी येऊन व्हिडिओवर बघितली, तिथे कट्टेकरी म्हणतात ते अगदी बरोबर आहे. त्यांनी वर "शेजाऱ्यांना" असं लिहिलंय ते तुम्हाला नीट दिसतंय ना? बास मग.

तर, जा. पण मोकळ्या हाताने जाऊ नकोस. तुला स्वतःला छळणारा, कोणीतरी फुकट लिहिलेल्या कोडमधला एक बग खिशात घेऊन जा. तो मोठा नसला तरी चालेल. त्यावर काम करणारा माणूस कुठल्या खोलीत, कुठल्या टेबलाशी असतो ते आधी वेळापत्रकात बघून ठेव. तुला फोटो काढायचे असतील तर ते अर्ध्या तासात होतात.

कट्टेकरी_१

नीट दिसतंय. पहिल्यांदाच कोणीतरी माझा प्रतिसाद चाचणीसाठी वापरला.

(टीव्हीचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.)

कोचीकर_नव्हे

दऱ्याखोऱ्या काका, हा नावामागचा इतिहास आज कळला. मी समजत होतो तुम्ही ट्रेकर आहात.

दऱ्याखोऱ्या

गुडघे बघितले नाहीत तुम्ही माझे.

साडेदहाचा_शो

काका, काल रात्री दोनदा वाचलं. कुलपाचं वाक्य जरा लागलं, पण खरं आहे. मी लीक वाचतो तेव्हा मला ती वस्तू हवी असते असं नाही, आपल्याला आधी कळलं एवढंच हवं असतं. मागच्या महिन्यात एका कॅमेऱ्याच्या अफवेवर मी ऑफिसात चाळीस मिनिटं बोललो, आणि माझा फोन पाच वर्षं जुना आहे.

बग शोधायला बसलो तर लगेच सापडला, कारण तो रोज डोळ्यांसमोर आहे. आम्ही आलेखांसाठी एक ओपन सोर्स लायब्ररी वापरतो. ती अडीच लाखाचा स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर टाकते, २५०,००० असा. आपल्याला २,५०,००० हवं. ग्राहक दर वेळी विचारतात की एक शून्य जास्त पडलंय का. मी दोन वर्षं दर रिलीजला हाताने ठिगळ लावतोय. तक्रार नोंदवायचं कधी सुचलंच नाही, कोणीतरी नोंदवली असेल असं वाटत होतं. काल बघितलं, कोणीच नोंदवलेली नाही. आज सकाळी मी नोंदवली. आयुष्यातली पहिली. पाठवण्याआधी इंग्रजी चार वेळा तपासलं.

एक शंका: तो माणूस फॉसडेमला येतो की नाही हे कसं कळणार? सरळ विचारायचं का? आगाऊपणा नाही ना वाटणार?

दऱ्याखोऱ्या

सरळ विचार. फक्त "कधी दुरुस्त करणार?" असं विचारू नकोस, ते फुकट काम करणाऱ्याला आपल्या लाइटबिलाच्या नोटिशीसारखं वाटतं. ठिगळ आहे ना तुझ्याकडे? तेच धुऊन पुसून त्याला पाठव, आणि खाली लिही की फेब्रुवारीत ब्रसेल्सला येतोय, असलास तर भेटू. नाही आला तरी तुझं काम झालं, आणि मग बायकोबरोबर निवांत शहर बघ. शुक्रवारी संध्याकाळी बरीच मंडळी डेलिरियम कॅफेच्या गल्लीत जमतात. बिअर पीत नसलास तरी जा, पण जॅकेटच्या पुढच्या खिशात पेन ठेव.

साडेदहाचा_शो

ठरलं. दिवाळीच्या आधी कागद गोळा करायला घेतो. बायकोला धागा वाचायला दिला. आचार्यांवर ती खूप हसली, मग गंभीर होऊन तिने एकच प्रश्न विचारला: बटाटे चरबीत तळत असतील तर आम्ही चार दिवस खायचं काय?

इसारकाठची

तिला सांगा, वॉफल खा, सकाळी गरम मिळतात, आणि फलाफल सगळीकडे आहे. कॅम्पसवरच्या गाड्यांपैकी एखादी तेलात तळते, पण दर वेळी विचारून घ्या. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आणलीत तर माझ्यासाठीही पाव किलो आणा, मी के इमारतीच्या जिन्यापाशी येते. छत्री आणू नका, तिथल्या वाऱ्यात उलटी होते. टोपीचं जॅकेट बरं.